सोशिक पत्नीचा नमुना

हॅवर्बी, १२ फेब्रुवारी १६३३

पुस्तक आले. दुपारी डफिल्ड गाडीवाला लिन बंदराहून आला आणि पिंपांच्या मागून गोणपाटात बांधलेले गाठोडे काढून त्याने माझ्या हातात दिले. 'माणसांचे चाळीस नमुने, नॉरफकमधील एका पाद्र्याने रेखाटलेले.' माझे नाव नाही. नाव नको असे मीच कळवले होते. आता वाटते, निदान आद्याक्षरे तरी घालायला हवी होती.

लंडनला सध्या अशा लेखनाची चलती आहे. एका पानात एक माणूस: चिक्कू, तोंडपुजा, भांडकुदळ वकील, फुशारक्या मारणारा प्रवासी. नाव कोणाचे घ्यायचे नाही. व्यक्ती नव्हे, प्रकार रंगवायचा. खेड्यात राहून मी हे लिहिले, याचे लंडनच्या पुस्तकविक्रेत्याला नवल वाटले होते. मला वाटत नाही. लंडनमध्ये माणसे झरझर पुढून जातात. इथे तीच ती वर्षानुवर्षे समोर बसतात.

सिबिल स्वयंपाकघरात मेणबत्त्यांसाठी चरबी वितळवत होती. मी एक प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "एकतिसावं पान बघ. ते तुझं आहे."

"माझं?"

"नाव नाही. पण तुझंच."

"बघते," ती म्हणाली. "आधी ही चरबी गाळू द्या. करपली तर वर्षभर धुरात बसाल."

हाच तो स्वभाव. दुसरी बाई हात न पुसता पुस्तकावर झडप घालती. ही वही आजपासून सुरू करतो. पुस्तकाचे पुढे काय होते ते कुठेतरी टिपलेले असावे.

१७ फेब्रुवारी, रविवार

शाळामास्तर पिडकॉकने काल दारूच्या गुत्त्यात पुस्तक मोठ्याने वाचून दाखवले म्हणे. आज प्रार्थनेनंतर तिघेजण एकेकटे येऊन 'सज्जन शेजारी' या नमुन्याबद्दल माझे आभार मानून गेले. तिघांची आपसात बोलचाल नाही.

मग ग्रिसेल दाई आली. "पाद्रीबुवा, एवढंच सांगा, 'चहाडखोर बाई' म्हणजे मी का?"

मी म्हणालो, तो एक प्रकार आहे, असल्या बाया इंग्लंडभर आहेत.

"असतील. पण त्या दुसऱ्यांच्या बाळंतपणात ऐकलेलं तिसरीला सांगतात का? ते मी एकटीच करते. मला वाईट वाटलं असं नाही हो. मी आपली विचारते. आता पिडकॉकच्या सुनेचंच घ्या..." आणि तिने मला पिडकॉकच्या सुनेचे सगळे सांगितले. तोवर घरी जेवण गार झाले होते.

१९ फेब्रुवारी

सिबिलने वाचले. मी विचारले, "वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

"छपाई छान आहे. अक्षर ठसठशीत आहे."

बस्स, एवढेच. स्तुती झाली की ती अशीच मान खाली घालते. तो उतारा इथे उतरवून ठेवतो, कारण सगळ्या पुस्तकात मला तोच सर्वांत साधला असे वाटते:

'सोशिक पत्नी ही आवारातली विहीर. केव्हाही जावे, पाणी आहेच. आणि विहीर कधी म्हणत नाही की मला तहान लागली. तिचे दुःख चादरींसारखे घडी घालून कपाटात ठेवलेले असते. तिने आपले एकुलते लेकरू सकाळी मातीत ठेवले आणि संध्याकाळी नवऱ्यापुढे ताजा पाव ठेवला. घरात रडण्याचा आवाज झाला नाही. देवाने अशा स्त्रीला शब्द थोडे दिले, कारण तिला त्यांची गरज नव्हती.'

आमची लेटिस जाऊन चार वर्षे झाली. तीन वर्षांची होती. त्या दिवसाबद्दल मी याआधी कोणापाशी बोललो नव्हतो. पुस्तकात लिहिता आले.

आज पाव करपला. सिबिलच्या हातून असे होत नाही. चुलीचा दोष असावा.

२३ फेब्रुवारी

होलबेक येणार हे मला ठाऊकच होते. गर्व्हेस होलबेक चर्चचे कारभारी आहेत, खाऱ्या कुरणावरच्या निम्म्या मेंढ्या त्यांच्या, आणि टोपीचे अस्तर उलटून पुन्हा शिवणारा दुसरा माणूस या तालुक्यात नाही. 'चिक्कू' लिहिताना टोपी मी गाळायला हवी होती. पण टोपीच तर उत्तम होती.

ते उभेच राहिले. चिखलाचे बूट बाहेर काढून आले होते.

"चिक्कू म्हणजे मी," ते म्हणाले.

"होलबेक, तो एक प्रकार..."

"असू दे हो. टोपी माझी, मेणबत्तीची थुटकं माझी. खोटं काही नाही. मी त्यासाठी आलो नाही. ते एकतिसावं पान आहे ना, ते खरं नाही. ते काढून टाका."

मी चकित झालो. "माझ्या घरातलं खरं काय नि खोटं काय, हे तुम्ही सांगणार?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. "मी काही सांगणार नाही," ते म्हणाले. "काढा एवढंच म्हणतो." आणि बूट हातात घेऊन मोज्यांनिशी फाटकापर्यंत गेले.

यावर दिवसभर विचार केला. माणसाला लागलेले असते एका ठिकाणी आणि तो चोळतो दुसऱ्याच. 'चिक्कू'बद्दल तक्रार करायची लाज वाटते, म्हणून निमित्त एकतिसाव्या पानाचे. यावर एक नवा नमुना होईल: 'आडून रागावणारा'. बहुधा ते वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडे माझ्याविरुद्ध लिहितील. लिहू देत.

२६ फेब्रुवारी

सिबिल धाकट्या खोलीत निजू लागली आहे. माझ्या खोकल्याने झोपमोड होते म्हणाली. खोकला नाताळातच गेला. पण काही आवाज गेल्यावरही कानात राहतात.

४ मार्च

सिबिल आज लिनला बहिणीकडे गेली. थॉमसिनचा नवरा समुद्रात गेल्यापासून धक्क्यावरचा बिअरचा गुत्ता ती एकटीच चालवते, आणि आता तिचा पाय सुजला आहे. "किती दिवस?" असे मी विचारले तेव्हा सिबिल म्हणाली, "पाय बरा होईपर्यंत." थंडीचा झगा घातला होता आणि उन्हाळ्याची गवती टोपी गाठोड्यावर बांधली होती. तिची दूरदृष्टी मला नेहमीच आवडते. स्वतःची उशीही नेली. थॉमसिनकडे उशा नसतील.

गाडी निघताना मी म्हणालो, "सांभाळून जा." ती म्हणाली, "तुम्ही लिहीत बसा." किती समजूतदारपणा.

१५ मार्च

पुस्तकविक्रेत्याचे पत्र. सगळ्या प्रती संपत आल्या, उन्हाळ्यात दुसरी आवृत्ती काढायची म्हणतो. आणि कोणत्या पानामुळे? एकतिसाव्या. नवरे दुकानात येऊन तेच पान उघडून दाखवतात आणि पुस्तक बायकोसाठी घेतात. चीपसाइड बाजारातल्या एका कापडवाल्याने अर्धा डझन नेली, लेकींच्या लग्नात द्यायला. एका बाईने मात्र प्रत परत आणून दुकानाच्या पायरीवर फेकली; बहुधा डोक्यावर परिणाम झालेली असावी. याच बाईवर, म्हणजे सोशिक पत्नीवर, आणखी चार पाने लिहून द्या असे तो म्हणतो.

हे सांगायला घरात कोणी नव्हते. मर्जरीला सांगितले. ती आमच्याकडे लग्नाच्या आधीपासून स्वयंपाकाला आहे. ती म्हणाली, "बरं."

२२ मार्च

चार पाने होईनात. विहीर झाली, चादरी झाल्या. पुढे काय? बसल्या बसल्या लक्षात आले की बारीकसारीक तपशील हवेत. मर्जरी सुके वाटाणे निवडत होती, तिला विचारले, "बाईंना खायला काय आवडतं गं?"

"तुम्ही कधी विचारलं नाही?"

"म्हणून तर तुला विचारतोय."

"वाफवलेली ईल मासळी. पण तुम्हाला तिचा वास चालत नाही, म्हणून घरात आणत नाहीत."

"आणखी?"

"आणखी मला काय माहीत? मी चूल बघते." मग वाटाण्यांवरून मान न उचलता म्हणाली, "बाईंचा आवाज फार मोठा होता, लग्न होऊन आल्या तेव्हा. कुरणावरून हाक मारली तर मला इथं ऐकू यायची."

म्हातारपणी आठवणींची गल्लत होते. ईलचे मात्र लिहून घेतले. पुस्तकात चालेलसे वाटत नाही.

२४ एप्रिल

ईस्टर होऊन गेला. सिबिल आली नाही. चर्चमध्ये तिची जागा रिकामी होती आणि ग्रिसेलने त्या जागेकडे इतक्या वेळा पाहिले की माझे प्रवचन चुकले.

डफिल्डला गाठून विचारले, बाई कशा आहेत.

"मजेत. मागल्या आठवड्यात गात होत्या."

"सिबिल गात नाही."

"मग दुसऱ्या कोणी असतील. पण तुमची चौकशी त्यांनीच केली. म्हणाल्या, खोकला कसा आहे."

"आणि थॉमसिनचा पाय?"

"पायाला काय झालं?" डफिल्ड म्हणाला.

मी घरी आलो आणि बराच वेळ टोपी न काढता बसलो. मग धाकट्या खोलीत गेलो. तिथे काहीच नव्हते. फणी नाही, शिवणाची पेटी नाही. एवढे दिवस मी त्या खोलीत पाऊलच टाकले नव्हते.

२९ एप्रिल

माझी घोडी लंगडते आहे. गावात भाड्याने देण्याजोगा घोडा होलबेकांचाच. नाइलाजाने गेलो. ते गोठ्याशी मेंढीचे खूर कापत होते.

"लिनला जायचंय," मी म्हणालो.

"वेळ लावलात."

मी घोड्याच्या भाड्याचे विचारले, तर ते उत्तर न देता खोगीर काढायला उठले. मला राहवले नाही. "होलबेक, त्या दिवशी म्हणालात ते पान खरं नाही. तुम्हाला काय ठाऊक आहे?"

"ते मी सांगायचं नसतं. ज्यांचं आहे त्यांना विचारा." त्यांनी पट्टा आवळला. "भाडं नको. ओट्स मात्र दोन वेळा घाला, आणि ते तुमच्या खर्चानं. उताराला पळवू नका, गुडघा नाजूक आहे. त्याचा, तुमचा नव्हे."

३० एप्रिल, लिन

पहाटेपासून प्रवास. दुपार उलटल्यावर धक्क्यावर पोचलो. थॉमसिनच्या गुत्त्याच्या बोळात घोडा बांधत होतो, तेव्हा आतून एका बाईचा आवाज ऐकू आला. भरदार, खणखणीत. ती खलाशांना गोष्ट सांगत होती. कुठलासा पाद्री संयमावर प्रवचन देत असतो. बोट वर करून म्हणतो, 'बंधूंनो, संयम म्हणजे काय?' आणि तेवढ्यात एक कुत्रा मागून प्रसादाची रोटी पळवतो. सगळे चर्च बघते, पाद्री तेवढा बघत नाही. आपल्या प्रवचनानेच लोक हलले असे समजून तो आणखी जोरात बोट हलवतो. तिने त्याचा घसा खाकरणेही करून दाखवले असावे, कारण आत हशा पिकला. मीही बोळात उभ्या उभ्या हसलो.

मग तो पाद्री कोण ते कळले. आणि बाई कोण तेही.

दारात गेलो. बाह्या कोपरापर्यंत सारून, हातात चार मग घेऊन सिबिल उभी होती. तिने मला पाहिले आणि चारही मग खाली ठेवले. "आलात," ती म्हणाली, पुन्हा आपल्या घरातल्या हळू आवाजात. तो बदल मला ऐकू आला.

थॉमसिनने मला वरची खोली दिली. बोलणे उद्यावर ठेवले आहे. जेवायला वाफवलेली ईल होती. खाल्ली.

१ मे

सकाळी सिबिल म्हणाली, "चला, बाहेर जाऊ. इथं भिंतींना थॉमसिनचे कान आहेत." मे महिन्याचा पहिला दिवस, म्हणून लोक हिरव्या फांद्या घेऊन दारोदार फिरत होते. आम्ही धक्क्याच्या टोकाला गेलो. जे झाले ते आठवते तसे लिहितो.

मी म्हणालो, "होलबेक म्हणतात ते पान खरं नाही."

"ते तुम्हाला सांगायला आले होते. मी ऐकलं." मग ती म्हणाली, "तो पाव मर्जरीनं भाजला होता."

मला समजले नाही.

"लेटिसला मातीत ठेवून आपण घरी आलो. तुम्ही अभ्यासिकेत गेलात, दार लावलंत. मी बांधावर गेले, समुद्राच्या बाजूला, जिथं कोणी नसतं. तिथं मी ओरडले. रडले नाही, ओरडले. जनावर ओरडतं तशी. किती वेळ ते माहीत नाही. होलबेक हरवलेली मेंढी शोधत आले होते. त्यांनी पाहिलं आणि जरा लांब, गवतावर बसले. एक शब्द बोलले नाहीत. अंधारायला लागलं तसं त्यांनी आपला झगा माझ्या अंगावर टाकला आणि घरापर्यंत आणून सोडलं. टेबलावर पाव होता. तुम्ही बाहेर आलात, खाल्लात, आणि म्हणालात, पाव छान झालाय."

मी टोपी काढून हातात घेतली.

"माझा घसा बसला होता. पुढे दोन आठवडे आवाजच फुटेना. तुम्ही त्याला शांती म्हणालात. मग मला वाटलं, असू दे, यांना शांत आवडते. चार वर्षं शांत राहिले. आणि एक दिवस तुम्ही ते छापूनच आणलंत. आता लंडनच्या बायकांनीही तसंच राहायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लिहीत होता."

खरे म्हणजे त्या दिवशी अभ्यासिकेत मी लिहीत नव्हतो. टेबलाखालचा फरशीचा दगड बघत बसलो होतो. ते मी तिला सांगितले. तिने माझ्याकडे नीट पाहिले. पण त्याने काही फिटले असे मला वाटले नाही.

मी विचारले, घरी येशील का. ती म्हणाली, "विचार करीन. आणि या खेपेला मोठ्यानं करीन." परत निघताना तिने घोड्याच्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि सांगितले, "याला उताराला पळवू नका."

९ मे

पुस्तकविक्रेत्याला लिहिले: एकतिसावे पान काढावे, त्याजागी काही नको, कोरे सोडले तरी चालेल. पत्र डफिल्डकडे दिले आणि घरी येईतो परत मागून घ्यावे असे दोनदा वाटले. सिबिलने हे करायला सांगितलेले नाही. तिने विचारलेच तर सांगेन. आपणहून सांगितले तर ते मोबदला मागितल्यासारखे होईल.

२७ मे

उत्तर आले. ते पान नसेल तर दुसरी आवृत्ती काढण्यात अर्थ नाही, असे तो म्हणतो. लोक बाकीच्या एकोणचाळीस माणसांसाठी दुकानात येत नाहीत. म्हणजे पुस्तक संपले. अटीवर ठाम राहा असे स्वतःला सांगून तसे कळवले. मन मोठे वगैरे झाले नाही. दोन दिवस अन्न गोड लागले नाही आणि मर्जरीवर विनाकारण ओरडलो. त्या आवृत्तीवर माझे नाव घालायचे ठरले होते.

होलबेकांना भेटून, आवृत्ती निघत नाही, असे सांगितले. ते म्हणाले, "चिक्कूचं पान मात्र राहायला हवं होतं. वाचल्यापासून वर्गणी मागायला कोणी फिरकत नव्हतं."

मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही तिच्याजवळ बसलात. मला ठाऊक नव्हतं."

"मेंढी सापडली नाही ती," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

८ जून

सिबिल आली. मी आणायला गेलो नव्हतो, बोलावले नव्हते. डफिल्डच्या गाडीत पुढे बसून आली, बरोबर थॉमसिनच्या बिअरचे एक पिंप. उतरताच म्हणाली, "हिवाळ्यात तीन महिने मी लिनला जाणार. दर वर्षी. आताच सांगते." मी हो म्हणालो. मग आत जाऊन तिने भांडी पाहिली, कोंबड्या पाहिल्या, मर्जरीला मिठी मारली, आणि माझ्या बुटांच्या चिखलावरून इतक्या मोठ्याने बोलली की शेजारच्या आवारातली बदके बिथरली. ग्रिसेल रस्त्यावरून चालली होती, ती थांबली. मी बूट काढले. उशी थोरल्या खोलीत गेली की धाकट्या, ते मी पाहिले नाही.

११ जून

जेवून झाल्यावर टेबलाशी बसलो होतो. अजून उजेड होता. सिबिल अचानक म्हणाली, "लेटिसचे डोळे कुठल्या रंगाचे होते, सांगा."

"करडे."

"करडे. आणि उजव्या डोळ्यात?"

मला सांगता येईना. ती म्हणाली, "तपकिरी ठिपका होता. बाहुलीच्या खाली, मोहरीएवढा." मला तो कधी दिसला नव्हता. मी तसे कबूल केले. ती रागावली नाही.

मग मला एक गोष्ट आठवली. मी म्हणालो, "रडायला लागण्याआधी ती डावा कान धरायची. तोंड वाकडं व्हायच्याही आधी. कान धरला की मी तिला उचलून घ्यायचो, म्हणजे पुष्कळदा रडणं यायचंच नाही."

सिबिल माझ्याकडे बघत राहिली. "हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तिला तुमच्याकडे दिलं की ती रडत नाही, एवढंच मला दिसायचं. मला वाटायचं, तुमच्यापाशी ती गप्प बसते."

"नाही. कान धरायची."

"कुठला म्हणालात?"

"डावा."

तिने स्वतःचा डावा कान धरून पाहिला, आणि मग तिला रडू कोसळले, मोठ्याने, तोंड न झाकता. मर्जरी आतून आली, आमच्याकडे पाहिले आणि परत गेली. मी उठून टेबलाच्या तिच्या बाजूला जाऊन बसलो.

त्यानंतर आमचे पुष्कळ बोलणे झाले. ते मी इथे लिहीत नाही.